तक्रारीचा सूड म्हणून झालेली बदली, निलंबन आणि विभागीय चौकशी: राज्य शासकीय कर्मचाऱ्याने दाद कोठे, कोणत्या क्रमाने आणि किती मुदतीत मागावी

कार्यालयातील गैरव्यवहार उघड करणारे शासकीय कर्मचारी पुढे झालेल्या कारवाईविरुद्धची प्रकरणे हरतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांची तक्रार खोटी नसते. चुकीच्या ठिकाणी दाद मागितलेली असते, मुदत निघून गेलेली असते किंवा अर्जात भलताच प्रश्न विचारलेला असतो. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. हा लेख मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. इतरांनी पहिला टप्पा वाचून आपला मार्ग ठरवावा.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणासाठी संसदेने केलेल्या कायद्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, परंतु तो अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. त्यामुळे केवळ त्या कायद्याच्या कलमांवर उभारलेली मागणी टिकत नाही. आज मिळणारे संरक्षण सेवानियम, बदली कायदा आणि प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा यांतूनच उभे करावे लागते.

## टप्पा १: आपले प्रकरण कोणापुढे चालेल ते प्रथम ठरवा

राज्य शासनाचा कर्मचारी असल्यास सेवेविषयीची दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातील ‘मॅट’कडे मागावी लागते. त्याचे मुख्य पीठ मुंबईत असून नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची पीठे आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘कॅट’ आहे.

जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची शिस्तभंगविषयक कारवाई आणि अपिले वेगळ्या नियमांखाली चालतात आणि त्यानंतर त्यांना उच्च न्यायालयात जावे लागते. खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकांना बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते, आणि ही मुदत फार लवकर संपते.

इशारा: मॅटच्या कक्षेतील कर्मचाऱ्याने थेट उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केल्यास ती सामान्यतः परत पाठवली जाते. एल. चंद्रकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाचे नियंत्रण कायम ठेवले, पण प्रथम पायरी न्यायाधिकरणाचीच राहील हेही स्पष्ट केले. चुकीच्या ठिकाणी गेलेले महिने पुन्हा हाती येत नाहीत.

केंद्र सरकार आणि त्याच्या सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. २१ एप्रिल २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाला जागल्यांच्या तक्रारी स्वीकारण्याचा अधिकार दिला आहे. अशी तक्रार बंद लिफाफ्यात द्यावी लागते आणि ती जनहितार्थ प्रकटीकरणाखाली केली आहे असे लिफाफ्यावर लिहावे लागते. निनावी तक्रार घेतली जात नाही. मात्र तक्रारदाराचे नाव आयोग गुप्त ठेवतो. या तक्रारीमुळे छळ झाल्यास आयोगाकडेच त्याविरुद्ध अर्ज करता येतो. त्याच तक्रारीच्या प्रती वर्तमानपत्रांना आणि लोकप्रतिनिधींना पाठवणाऱ्याचे नाव गुप्त राहत नाही, आणि मग या तरतुदीचा हेतूच संपतो. राज्य शासनाचे कर्मचारी या ठरावाखाली येत नाहीत.

## टप्पा २: दोन नस्त्या (फायली) वेगळ्या ठेवा

माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. कर्मचारी एकाच कागदावर ‘भ्रष्टाचाराची चौकशी करा’ आणि ‘माझी बदली रद्द करा’ अशा दोन मागण्या लिहितो. या दोन मागण्यांचे निर्णय घेणारे अधिकारी, त्यांच्या मुदती आणि त्यांचे पुरावे वेगवेगळे असतात.

पहिली नस्ती मूळ तक्रारीची ठेवावी. लाच मागितली गेली असल्यास तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे (दूरध्वनी १०६४), आणि खरेदीतील, कामाच्या मोजमापातील किंवा देयकांतील अनियमितता असल्यास वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे द्यावी. दुसरी नस्ती केवळ आपल्यावर झालेल्या कारवाईची असावी. पहिल्या नस्तीतील चौकशी तीन वर्षे रेंगाळली तरी दुसऱ्या नस्तीतील मुदत थांबत नाही. ‘चौकशीत मी खरा ठरलो की मग बदलीविरुद्ध जाईन’ असा विचार करून थांबलेल्या कर्मचाऱ्याला पुढे विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच याची खात्री नसते.

दुसऱ्या नस्तीत प्रथम पुढील कागद लावावेत:

- तक्रारीची प्रत आणि आवक शिक्क्यासह पोच, किंवा नोंदणीकृत टपालाची पावती;
- आपल्या तक्रारीची माहिती संबंधित अधिकाऱ्यापर्यंत कधी पोहोचली हे दाखवणारे पत्र, ईमेल किंवा बैठकीचे इतिवृत्त;
- तक्रारीपूर्वीचे गोपनीय अहवाल, प्रशंसापत्रे आणि पूर्वीच्या बदल्यांचे आदेश;
- तक्रारीनंतर आलेल्या प्रत्येक कारणे दाखवा नोटिशीची प्रत आणि तिला दिलेले उत्तर.

इशारा: गोपनीय किंवा कार्यालयीन मूळ नस्ती घरी नेऊ नये आणि तिची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. त्यामुळे आपल्याविरुद्ध वर्तणूक नियमांखाली स्वतंत्र आणि खरा दोषारोप तयार होतो. सूड सिद्ध करू पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रतिपक्षाच्या हाती खरे कारण देणे फार घातक ठरते. कोणत्या नस्तीत, कोणत्या पानावर, कोणत्या तारखेची टिपणी आहे याची नोंद ठेवावी. मूळ नस्ती सादर करण्याचा आदेश नंतर न्यायाधिकरणाकडून मिळवता येतो.

## टप्पा ३: आदेश हाती पडला त्या दिवशी

आदेशावर स्वाक्षरी करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. आदेश घेण्यास नकार देऊ नये. नकाराचा पंचनामा होतो आणि मुदत तरीही सुरू होते. पुढील पावले आदेशाच्या प्रकारावर अवलंबून असतात.

बदलीचा आदेश असल्यास वेळ दिवसांत मोजावा. एकतर्फी कार्यमुक्त केल्यानंतर आणि आपल्या जागी दुसरा अधिकारी रुजू झाल्यानंतर स्थगिती मिळणे बरेच कठीण होते. मात्र स्थगिती नसताना नव्या ठिकाणी रुजू न होणे ही मोठी चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये गुजरात विद्युत मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, बदलीविरुद्ध निवेदन प्रलंबित असणे हे रुजू न होण्याचे समर्थन होऊ शकत नाही. म्हणून ‘माझे हक्क अबाधित ठेवून रुजू होत आहे’ असे रुजू अहवालात लिहावे आणि त्याच आठवड्यात अर्ज दाखल करावा.

निलंबनाचा आदेश असल्यास त्यात नमूद केलेले मुख्यालय परवानगीशिवाय सोडू नये आणि दुसरी नोकरी किंवा धंदा करत नसल्याचे प्रमाणपत्र दरमहा देऊन निर्वाह भत्ता घ्यावा. दोषारोपपत्र कधी बजावले गेले, याकडे बारकाईने लक्ष ठेवावे. अजय कुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. महाराष्ट्र शासनाने त्यानुसार ९ जुलै २०१९ रोजी शासन निर्णय काढला. अनेक निलंबित कर्मचारी ९१ व्या दिवशी अर्ज करण्याऐवजी आढावा समितीच्या बैठकीची वाट पाहत बसतात.

दोषारोपपत्र आले असल्यास ते लगेच न्यायाधिकरणात आव्हानित करण्याचा मोह टाळावा. कुनिसेट्टी सत्यनारायण प्रकरणातील २००६ च्या निर्णयानुसार नुसत्या दोषारोपपत्राविरुद्धचा अर्ज सामान्यतः अकाली समजला जातो, कारण चौकशीतून कर्मचारी निर्दोषही सुटू शकतो. ते अधिकार नसलेल्या प्राधिकाऱ्याने दिले असेल किंवा पूर्णपणे नियमबाह्य असेल, तरच अपवाद होतो. म्हणून दोषारोपपत्रात दिलेल्या मुदतीत लेखी बचाव द्यावा, कागदपत्रांची मागणी यादीसह करावी, बचाव सहायक घ्यावा आणि आकसाचा मुद्दा पहिल्याच उत्तरात नोंदवावा. आपण ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तोच अधिकारी शिस्तभंगविषयक प्राधिकारी असल्यास प्रकरण दुसऱ्या प्राधिकाऱ्याकडे सोपवण्याची लेखी मागणी चौकशी सुरू होण्यापूर्वी करावी. चौकशीत भाग घेऊन, अहवाल विरुद्ध गेल्यावर प्रथमच पक्षपाताचा आक्षेप घेतल्यास त्याला फारसे वजन राहत नाही.

तपासा: आदेशात कोणता नियम किंवा कलम नमूद आहे? तो देणारा प्राधिकारी सक्षम आहे का? कारण लिहिले आहे, की केवळ ‘प्रशासकीय सोय’ एवढेच आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्यावरच पुढे जावे.

## टप्पा ४: मुदती मोजा आणि भिंतीवर लावा

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांखाली शिक्षेविरुद्ध आणि निलंबनाविरुद्ध अपील करण्याची मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस आहे. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा, १९८५ च्या कलम २० नुसार सेवानियमांत उपलब्ध असलेले उपाय वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सामान्यतः अर्ज दाखल करून घेत नाही. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर तो उपाय वापरून झाला असे मानले जाते. कलम २१ नुसार अंतिम आदेशापासून एक वर्षात, किंवा निर्णय न झाल्यास ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. शिक्षेचा आदेश १० जानेवारी २०२४ रोजी मिळाला, तर अपिलाचा शेवटचा दिवस २४ फेब्रुवारी २०२४ येतो. अपील १२ फेब्रुवारीस दिले आणि निर्णय आलाच नाही, तर सहा महिने १२ ऑगस्ट २०२४ रोजी पूर्ण होतात आणि मॅटमध्ये जाण्याची मुदत १२ ऑगस्ट २०२५ रोजी संपते. याउलट अपील ५ मे २०२४ रोजी फेटाळले गेले असल्यास वर्ष ५ मे २०२५ रोजीच संपते. येथे कायद्याची भाषा आदेश ‘केल्याच्या’ तारखेची आहे. म्हणून पत्र टपालाने उशिरा मिळाले तरी आदेशावरील तारखेपासून मोजणेच सुरक्षित आहे.

इशारा: स्मरणपत्रे पाठवल्याने मुदत वाढत नाही. एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, नियमांत तरतूद नसलेली निवेदने वारंवार केल्याने वादाचे कारण नव्याने निर्माण होत नाही. मंत्र्यांना, सचिवांना आणि संघटनांना दिलेली दहा निवेदने या हिशेबात मोजली जात नाहीत. राज्यपालांना केलेला विनंती अर्जही आवश्यक उपाय मानला जात नाही, म्हणून त्याच्या उत्तरासाठी थांबू नये.

साध्या बदलीविरुद्ध शिस्त व अपील नियमांत अपील नाही. म्हणून बदलीच्या प्रकरणात सहा महिने निवेदनाच्या उत्तराची वाट पाहणे निरर्थक ठरते. कायद्याने एक वर्ष दिले असले, तरी दोन महिन्यांनी आलेल्या कर्मचाऱ्याला ‘इतकी घाई होती तर इतके दिवस कोठे होता’ हाच प्रश्न अंतरिम आदेशाच्या सुनावणीत विचारला जातो.

## टप्पा ५: आकसावर नव्हे, प्रथम नियमभंगावर उभे राहा

न्यायाधिकरण आपल्या मूळ तक्रारीतील भ्रष्टाचार खरा की खोटा हे ठरवत नाही. ते आपल्यावर झालेला आदेश कायदेशीर आहे का एवढेच पाहते. ही मर्यादा पटली की अर्जाची रचना आपोआप सुधारते. आकस सिद्ध करण्याचा भार जड असतो आणि तो आरोप करणाऱ्यावर असतो, हे रॉयप्पा प्रकरणापासून, म्हणजे १९७४ पासून न्यायालये सांगत आली आहेत. नियमभंग मात्र कागदावरूनच दिसतो.

बदलीच्या बाबतीत २००५ चा महाराष्ट्र बदली कायदा हे मुख्य साधन आहे. ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ गटातील कर्मचाऱ्याचा एका पदावरील सामान्य कार्यकाळ तीन वर्षांचा असतो. बदल्या सामान्यतः वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. कार्यकाळ पूर्ण होण्यापूर्वी बदली करायची असल्यास कलम ४(५) नुसार कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. मध्यावधी बदलीलाही कलम ४(४) खाली अशीच अट आहे. कारण आदेशात नसले तरी नस्तीत असावेच लागते. म्हणून पाच प्रश्न विचारावेत: कार्यकाळ किती झाला होता, कारण कोणी लिहिले, ते कोणत्या तारखेला लिहिले, मान्यता आधी घेतली की नंतर, आणि नागरी सेवा मंडळाने शिफारस केली होती का. पोलीस दलासाठी बदलीच्या वेगळ्या तरतुदी आणि पोलीस आस्थापना मंडळे आहेत. त्यांनी बदली कायद्याचा आधार घेऊ नये.

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकारात टिपणीची आणि मंडळाच्या इतिवृत्ताची प्रत मागावी. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास अर्ज परत येतो. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. ती येईपर्यंत मॅटमधील अर्ज रोखून धरू नये. अर्जातच मूळ नस्ती सादर करण्याची विनंती करावी.

नियमभंग मांडून झाल्यावर आकसाचा भाग तारखांच्या तक्त्यात मांडावा. कोणत्या दिवशी तक्रार गेली, कोणत्या दिवशी अधिकाऱ्याला कळली, किती दिवसांनी पहिली नोटीस आली, तशाच चुकीसाठी इतरांवर काय कारवाई झाली. विशेषणे लिहू नयेत. सोमेश तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदेशीर ठरवली. बदलीच्या टिपणीत आपल्या वर्तनाविषयी शेरे असतील आणि त्यावर चौकशी झालेली नसेल, तर हा निर्णय नेमका लागू पडतो.

इशारा: एखाद्या अधिकाऱ्यावर व्यक्तिगत आकसाचा आरोप करायचा असल्यास त्याला केवळ पदनामाने नव्हे, तर नावाने प्रतिवादी करावे लागते. पी. पी. शर्मा प्रकरणापासून हे निश्चित आहे. तसे न केल्यास तो आरोप न्यायाधिकरण विचारातच घेत नाही, आणि नेमके हेच बहुतेक अर्जांत राहून गेलेले असते.

## टप्पा ६: मूळ अर्ज दाखल करताना

एका मूळ अर्जात एकच वादकारण असावे. बदली, गोपनीय अहवालातील शेरा आणि वेतनवाढ रोखणे या तिन्ही गोष्टी एकाच सुडाच्या साखळीतील असल्या, तरी त्यांचे आदेश वेगळे असतात. त्यांच्यासाठी वेगळे अर्ज करावेत आणि प्रत्येकात इतरांचा उल्लेख करावा. आपल्या जागी आलेल्या अधिकाऱ्यालाही प्रतिवादी करावे, अन्यथा त्याला हलवणारा आदेश देता येत नाही. मुदत ओलांडली असल्यास विलंब माफीचा वेगळा अर्ज सोबतच द्यावा आणि प्रत्येक महिन्याचे कारण पुराव्यासह सांगावे.

अंतरिम स्थगिती हवी असल्यास प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचे कलम २४ आधी वाचावे. प्रतिपक्षाला अर्जाची प्रत देऊन म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय सामान्यतः अंतरिम आदेश मिळत नाही, आणि अपवाद म्हणून मिळाला तरी त्या अटी पूर्ण न झाल्यास तो १४ दिवसांनी संपतो. म्हणून सुनावणीपूर्वीच मुख्य सादरकर्ता अधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रत देऊन पोच घ्यावी. हे अधिकारी मॅटमध्ये शासनाची बाजू मांडतात. विभागीय चौकशीतील सादरकर्ता अधिकारी वेगळा. नावातील साम्यामुळे प्रती चुकीच्या ठिकाणी पोहोचल्याने सुनावण्या पुढे ढकलल्या जातात.

तपासा: कार्यमुक्त झालो की नाही, जागी कोण आहे, आणि आज पदभार कोणाकडे आहे, ही तीन वाक्ये प्रतिज्ञापत्रात स्पष्ट असावीत. यात लपवाछपवी आढळल्यास स्थगिती तर जातेच, शिवाय पुढील प्रत्येक म्हणण्यावरील विश्वासही जातो.

## टप्पा ७: विरुद्ध निकाल लागल्यास पुढील दारे किती अरुंद आहेत

मॅटच्या निकालाविरुद्ध नेहमीच्या अर्थाने अपील नाही. पुनर्विलोकन अर्ज ३० दिवसांत करता येतो, पण तो नोंदीत उघड दिसणाऱ्या चुकीपुरता असतो. तोच युक्तिवाद अधिक जोराने मांडण्यासाठी नव्हे. त्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिला निश्चित मुदत नसली तरी अनाठायी विलंब चालत नाही. उच्च न्यायालय पुरावा पुन्हा तोलत नाही: निष्कर्ष कोणत्याही पुराव्याविना काढला का, नैसर्गिक न्याय मोडला का, शिक्षा धक्कादायक रीतीने अवाजवी आहे का, एवढेच पाहते. बी. सी. चतुर्वेदी (१९९५) आणि पी. गुणशेखरन प्रकरणांनी ही सीमा घट्ट केली आहे. म्हणून चौकशीत न मांडलेला साक्षीदार आणि न मागितलेला कागद या पातळीवर कामाला येत नाही. सर्वोच्च न्यायालयात ९० दिवसांत विशेष अनुमती याचिका करता येते, परंतु अनुमती देणे न देणे त्या न्यायालयाच्या इच्छाधीन असते.

निकाल आपल्या बाजूने लागला असल्यास लगेच दोन कामे करावीत. शासन उच्च न्यायालयात जाण्याची शक्यता गृहीत धरून तेथे कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी पूर्वसूचना, दाखल करावे. ते ९० दिवस टिकते. आणि निकालाची प्रमाणित प्रत आपल्या विभागात देऊन पोच घ्यावी. निकालात ठरवून दिलेली अंमलबजावणीची मुदत उलटून गेली आणि पुनःस्थापनेचा किंवा थकबाकीचा आदेश निघाला नाही, तर न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १७ खाली अवमान अर्ज करता येतो. अवमान झाल्याच्या दिवसापासून एका वर्षाच्या आत तो दाखल करावा लागतो, त्यामुळे ‘प्रस्ताव वित्त विभागाकडे आहे’ या उत्तरावर समाधान मानून हे वर्षही हातचे घालवू नये.